खुलासा : मंडपातला आरसीसीबी बायपास करू नका

बेळगाव-खानापूरकडच्या मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : पावसात आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) उगाच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप पडतो, तो बायपास करा, एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पुरेसा आहे. हे चूक आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाला तरच पडतो. माणूस दगावायला तेवढ्या करंटचा अगदी लहानसा अंश पुरतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, म्हणजे काही करंट माणसातून किंवा ओल्या जागेतून जमिनीत गेला, की आरसीसीबी सप्लाय तोडतो. मंडपाला ३० मिलिअँपिअरचाच घ्या. आकडा त्याच्यावर छापलेला असतो.

पावसात तो पडतो, हे खरं. ओल्या जॉइंटांची थोडीथोडी गळती एकाच आरसीसीबीवर साठते. बोटींना धक्क्यावरून वीज देणाऱ्या मरिनात आयईसी या आंतरराष्ट्रीय वीज-मानकानुसार प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचं संरक्षण लागतं; एका बोटीतल्या बिघाडाने शेजारची अंधारात जात नाही. मंडपातही साउंड वेगळ्या आरसीसीबीवर घ्या, लायटिंग वेगळ्या. बेळगावच्या कपिलेश्वर तलावाकाठी, पाण्याजवळ, तर हे हवंच. जॉइंट जमिनीपासून वर, कोरडे ठेवा. रोज टेस्टचं बटण दाबा. पडला नाही तर वायरमनला बोलवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.