शिक्षकांचं प्रशिक्षण ऑनलाइन की ऑफलाइन? आधी वर्गात कोण येतंय ते सांगा

शिक्षकांच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. ऑनलाइनवाले म्हणतात, भर पावसात गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायचं, दिवसभर सभागृहात बसायचं, आणि आपला वर्ग शेजारच्या बाईंच्या गळ्यात. खरं आहे. ऑफलाइनवाले म्हणतात, व्हिडिओ म्यूट करून लावायचा, इकडे पोषण आहाराची नोंद भरायची, चाचणीची उत्तरं ग्रुपवर येतातच, मग प्रमाणपत्र डाउनलोड. तेही खरं. आता लाजायचं कुणापुढं?

ऑनलाइनचा फायदा मी नाकारत नाही. ‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालं आणि २०२० मध्ये ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आलं, तेव्हा चंदगडच्या टोकाच्या शाळेतल्या शिक्षकालाही मूळ तज्ज्ञ थेट ऐकता आला. नाहीतर राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट) असं प्रशिक्षण उतरत येईपर्यंत विषयाचं पार पाणी होतं.

पण पोरांना त्यातून काय मिळालं?

दक्षिण आफ्रिकेत म्पुमलांगा प्रांतातल्या १८० शाळांत तीन वर्षं एक प्रयोग झाला. इंग्रजीसाठी काही शाळांत शिक्षकांचा मार्गदर्शक स्वतः वर्गात जायचा, काहींत टॅब्लेट आणि फोनवरून मदत करायचा. तिसऱ्या गटाला यातलं काहीच नव्हतं. या तिसऱ्या गटाशी तुलना केली तर मार्गदर्शक जिथं जायचा तिथल्या मुलांचं इंग्रजी बोलणं-समजणं प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ०.३१ पट सुधारलं, वाचनही ०.१३ पट. दुरून मदत मिळाली तिथं बोलणं-समजणं ०.१२ पट सुधारलं, वाचनात फरक नाही. उलट घरच्या भाषेतलं वाचन-लेखन घसरलं! (सेमी इंग्रजीच्या मागे धावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

माणूस वर्गात आला की काय होतं, ते आमच्या केंद्रात बघितलंय. एका मॅडमच्या तिसरीच्या वर्गात केंद्रप्रमुख साहेब, म्हणजे केंद्रातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, मागच्या रांगेत पोरांशेजारी मांडी घालून बसले. फळ्यावर ५२ वजा २७. मॅडमनी हातचा व्यवस्थित समजावला, पोरं एका सुरात ‘होऽ’ म्हणाली. साहेबांनी शेजारच्या वहीत बघितलं: उत्तर ३५. पुढच्या वहीतही ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरांनी सातातून दोन काढले होते. साहेबांनी भाषण दिलं नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मागवले, एक गठ्ठा उघडून सुट्या दोन काड्यांत मिसळायला लावला. बारा झाल्या, त्यातनं सात काढ म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येऊन त्याच वह्या बघितल्या.

हे स्क्रीनवर दिसत नाही, आणि तीनशे खुर्च्यांच्या सभागृहातही दिसत नाही.

ते साहेब निवृत्त झाले. आता जे आहेत त्यांच्याकडे दोन केंद्रांचा भार, आणि सकाळपासून ‘तातडीने लिंक भरा’चे मेसेज. बिचारे वर्गात कधी बसणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. द्यायला तयार आहोत. त्यातले वीस तास खुशाल मोबाइलवर करून घ्या. पण उरलेल्यांतले दहा तरी असे मोजा, की आम्ही शिकवतोय आणि कुणीतरी जाणकार मागच्या रांगेत बसून पोरांच्या वह्या बघतोय. त्यासाठी आधी केंद्रप्रमुखांची रिकामी पदं भरा, आणि त्यांच्या मागची लिंक-अहवालांची कटकट काढा.