‘चावी फिरवा, दोर सोडा, निघा’ : या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

‘बोट म्हणजे पाण्यावरची गाडी. चावी फिरवा, दोर सोडा, निघा. किल स्विचची दोरी रेसवाल्यांसाठी. पार्टसुद्धा गाडीचेच चालतात. परत आल्यावर करकचून बांधा, मेन स्विच बंद करा, घरी जा. पाणी शिरलंच तर ऑटोमॅटिक पंप आहेच. चेकलिस्ट हे निव्वळ नाटक.’ मोटरबोटवाल्यांमध्ये हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. लिहिणाऱ्याने बोट चालवली असेलही, पण त्याच्या सगळ्या सवयी गाडीच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा धक्क्यावरच अंगाशी येतात.

‘चावी फिरवा.’ गाडीतून पेट्रोल गळलं तर वाफ खाली रस्त्यावर जाते आणि वाऱ्याने विरते. बोटीला खालून वाट नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. वाटीत पाणी साचावं तशी ती तळाशी, इंजिनाखाली साचून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्यावर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून पेट्रोल इंजिन बोटीच्या आत असेल तर आधी ब्लोअर निदान ४ मिनिटं चालवायचा आणि मग झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. ब्लोअर हवा बाहेर ओढतो, गळती शोधून देत नाही. त्यानंतरही वास येत असेल तर चावीला हात लावायचा नाही. माणसं उतरवायची आणि गळती शोधायची.

पेट्रोल भरताना क्रम उलटा. सगळी माणसं बोटीतून उतरवायची, दारं-खिडक्या-झाकणं बंद. भरून झालं की सगळं उघडायचं आणि पुन्हा ब्लोअर. हलवता येणारी टाकी असेल तर ती धक्क्यावर उतरवूनच भरा. डिझेलची वाफ इतकी सहज पेटत नाही, हे खरं. उघड्या बोटीला, आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाला) हे लागू नाही असं मात्र समजू नका. सीटखालच्या बंद कप्प्यातही वाफ साचतेच.

गाडीच्या पार्टचा सल्लाही याच कारणाने धोक्याचा. बोटीच्या पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर आणि अल्टरनेटर अशा बनावटीचे असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये. गाडीचा स्टार्टर दिसायला तसाच, बसतोही तसाच, पण ही सोय त्यात नसते.

‘दोर सोडा.’ सोडा, पण इंजिन बांधल्या जागी तपासून झाल्यावर. आउटबोर्डच्या मागून पाण्याची एक बारीक धार उडते, तिकडे बघा. धार नसेल तर इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरत नाहीये; कुठे कचरा अडकलाय किंवा ते पाणी खेचणारा आतला रबरी इंपेलर गेलाय. लगेच बंद करा, कारण तो कोरडा फार वेळ टिकत नाही. मग सुकाणू दोन्ही टोकांना फिरवून बघायचं, गिअर क्षणभर पुढे आणि मागे. पाण्यात गाडी बाजूला घेता येत नाही. एवढं झालं की दोर, आणि वाऱ्याचा किंवा प्रवाहाचा ताण ज्या दोरावर आहे तो सगळ्यात शेवटी. बोट ट्रेलरवरून उतरवत असाल तर तळाचं बूच लावलंय ना, हे ती पाण्यात जायच्या आधी बघा.

‘किल स्विच रेसवाल्यांसाठी.’ या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असते; तो पडला की ती ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. चालवणारा पाण्यात पडला तर बोट सरळ निघून जाईलच असं नाही. सुकाणू मोकळं सुटलं की ती बहुतेकदा गोल फिरायला लागते आणि फिरत्या पंख्यासकट पडलेल्या माणसाकडेच येऊ शकते. दोरी मांडीला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा आणि निघण्याआधी एकदा ओढून इंजिन खरंच बंद पडतं ना, बघा. जॅकेट अंगात हवं, सीटखाली नव्हे. याउपर वाद घालायला काही उरतच नाही.

‘करकचून बांधा.’ मेसेजमधला हा सर्वात समजूतदार वाटणारा आणि सर्वात चुकीचा सल्ला. पक्क्या धक्क्याला आखूड दोरांनी आवळलेली बोट ओहोटी लागली की दोरांवर लटकते. खुंटे तरी उपटतात, नाहीतर बोट कलते. भरतीला उलट, दोर तिची कड पाण्याकडे ओढतात. बोटीला वर-खाली जायला मोकळीक हवी, पुढे-मागे सरकायला नको. त्यासाठी पुढच्या आणि मागच्या दोरांखेरीज दोन लांब तिरके दोर लागतात : एक नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे धक्क्यावर, दुसरा मागच्या टोकाकडून पुढे. दोर लांब असला की पाणी चढलं-उतरलं तरी त्याच्यावर फारसा ताण येत नाही. दोर कडेवर घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवा. धक्का तरंगता असेल तर तो पाण्याबरोबर हलतो, तिथे दोर आखूड चालतील.

‘मेन स्विच बंद करा, पंप आहेच.’ स्विच बंद करा, पण इंजिन थांबल्यावरच. चालू इंजिनावर बंद केलात तर अल्टरनेटर जळू शकतो. आणि पंपाची वायर त्याच स्विचमधून गेली असेल तर पंपही त्याच क्षणी मेला. ती थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह यायला हवी. तरीही हिशोब करा : ३ अँपिअर खेचणारा पंप सलग २४ तास चालला तर ७२ अँपिअर-तास जातात, आणि लहान बोटीची बॅटरी तेवढ्यात रिकामी होते. पाणी शिरायची वाट बंद करणं हे पहिलं काम, म्हणजे तळातले व्हॉल्व्ह बंद, वर कव्हर. उतरण्याआधी पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच) हाताने वर उचला. मोटर घरघरली, तरच उतरा.