पाणी आदामला अडलं होतं

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

परवा उपासनेनंतर आमच्या मंडळीतली एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. कडेवर लहान मुलगी. नवरा जाऊन चार महिने झालेत. पिशवीतून विम्याचा फॉर्म काढला आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्ही त्या वेळी सगळं खरं लिहिलं होतं ना? मग पैसे मिळाले का?"

नाही मिळाले. तिला तेच सांगितलं. पण चर्चच्या पायरीवर दोन मिनिटांत सांगून होण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून इथे लिहितेय.

2021 च्या एप्रिलमध्ये माझे मिस्टर कोविडने गेले. पॉलिसी 2019 ची होती. एजंटनेच फॉर्म भरला होता, मधुमेहापुढे 'नाही' लिहिलं होतं आणि ह्यांनी न वाचता सही केली होती. साखर तर 2015 पासून. ह्यांना हिशेबाची सवय, म्हणून शंभर पानी वहीत पट्टीने दोन रकाने आखलेले, 'उपाशीपोटी' आणि 'जेवणानंतर'. निळ्या शाईत तारीखवार आकडे. शेवटचा आकडा दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या रात्रीचा, 286. त्यातला सहा जरा थरथरलेला आहे.

क्लेमच्या वेळी एजंट म्हणाला, "वहिनी, आजार कधीपासून इथे 2020 लिहा, आणि ती वही जाळून टाका." पॉलिसीला तीन वर्षं झाली नव्हती, त्यामुळे कंपनी सगळे कागद तपासणार हे त्याला माहीत होतं. घरात दोन मुलं, घराचे हप्ते चालू, आणि माझी स्वतःची कमाई काहीच नाही.

फॉर्म तीन दिवस टेबलावर पडून होता. मी प्रार्थना करत होते, खूप करत होते. पण काय मागत होते? 'प्रभू, हा क्लेम पास होऊ दे.' खोटं लिहू का, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

तिसऱ्या रात्री बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला. लहानपणापासून शब्बाथ शाळेत ऐकलेली गोष्ट, इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडतात ती. पण त्या रात्री दोन गोष्टी पहिल्यांदा दिसल्या. एक म्हणजे दिवस कापणीचे होते, आणि त्या दिवसांत यार्देन दुथडी भरून वाहते. वर्षात ओलांडायला सगळ्यात वाईट वेळ तीच. दुसरी म्हणजे पाणी आधी दुभंगलं नाही. लोकांनी 2000 हात मागे थांबायचं होतं आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, उचललेल्या याजकांनी (पुरोहितांनी) पुढे व्हायचं होतं. त्यांचे पाय काठाच्या पाण्यात बुडाले, तेव्हा पाणी थांबलं. आणि थांबलं तरी कुठे? त्यांच्या पायाशी नाही, खूप दूर वर, आदाम नावाच्या गावाजवळ. आदाम म्हणजे आजचं दामिया असं अभ्यासक मानतात, लोक ज्या यरीहो शहरासमोर ओलांडत होते तिथून अंदाजे 30 किलोमीटर वर. काठावरून ते दिसणं शक्यच नव्हतं. (1267 साली त्याच दामियाजवळ दरड कोसळून यार्देन काही तास अडली होती, अशी नोंद आहे. म्हणून कुणी म्हणतं, हा निसर्गच. मला त्याची अडचण वाटत नाही. निसर्ग तरी कुणाचा?)

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पोटातून सांगतेय. आपण 'विश्वास ठेवतो' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा काठावर उभं राहून पाणी हटायची वाट बघत असतो. पाय ओला करायची तयारी नसते. आज्ञा पाळायची बाजू सोडली, तर विश्वास म्हणजे नुसतं वाट बघणं उरतं.

मी 2015 लिहिलं. वहीची झेरॉक्स जोडली. अडीच महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. पुढच्या वर्षी घर विकलं आणि आम्ही माहेरी संगमनेरला आलो. शिवणकाम सुरू केलं, फॉल-पिको, ब्लाऊज, शाळेचे गणवेश. रात्री बारापर्यंत मशीन चालायची. आजही चालते.

त्या दिवसांत मला दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणायची, "एवढं खरं वागून काय मिळालं?" दुसरी आपल्यातलीच होती, आणि त्यांचं जास्त लागलं. म्हणायची, "विश्वासात कुठेतरी कमी पडलात." जो आज्ञा पाळतो त्याचा अडथळा दूर होतोच, असं शिकवणाऱ्यांना मी एकच विचारते. पंडिता रमाबाईंचं काय?

माझ्या आजीची आई केडगावला रमाबाईंच्या आश्रमात वाढली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या मुलींपैकी ती एक. त्यामुळे आमच्या घरात रमाबाईंचं नाव माहेरच्या माणसासारखं घेतलं जातं. खूप आधीच्या एका दुष्काळात रमाबाईंचे आई, वडील, बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा कॉलऱ्याने गेला. तरी 1896-97 च्या दुष्काळात देवाचं बोलावणं ओळखून त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन हा आश्रम उभं राहिला. आणि शेवटी 1921 मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं. रमाबाई त्या वेळी बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत केलेलं. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम तडीस नेलं, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणखी एक, कारण याचा फार घोळ होतो. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे देवाच्या नावाने कुणीही सांगेल ते ऐकणं नव्हे. ह्यांना एका प्रार्थनासभेत गोळ्या बंद करायला सांगितलं होतं. ह्यांनी केल्या नाहीत, ते बरोबरच केलं. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आहे. साखरेची गोळी घेऊ नको अशी आज्ञा मला तरी कुठे सापडली नाही.

माझं पाणी कुठे अडलं, हे मला बोट ठेवून दाखवता येणार नाही. पण एक सांगते. मी फॉर्म भरत होते तेव्हा मोठा मुलगा समोर बसला होता. दहावीत होता. वही त्याच्यापुढेच उघडी होती. तो काही बोलला नाही. गेल्या वर्षी डिप्लोमा करून साइटवर लागला. न आलेल्या मालाच्या चलनावर सही कर म्हणाले, त्याने केली नाही. नोकरी गेली. दुसरी लागायला दोन महिने गेले. मला त्याने ते नंतर फोनवर सांगितलं. मी विचारलं, "भीती नाही वाटली?" तर म्हणाला, "वाटली. पण मम्मी, मला बाबांची वही आठवली."

फॉर्म घेऊन आलेल्या त्या बाईच्या बाबतीत काय होईल, मला माहीत नाही. तिला पैसे मिळतीलच असं मी सांगितलं नाही. उद्या अकरा वाजता ती कागद घेऊन घरी येणार आहे, मुलीला घेऊन. फॉर्म आम्ही दोघी मिळून भरणार आहोत. वही मी कपाटातून काढून ठेवली आहे.