देश छोटा चालेल, पण कॉर्नरचा पाहिजे

उद्या कुणी तुम्हाला एखादा देश चालवायला घ्या म्हणालं तर लगेच हुरळून जाऊ नका, आधी लोकेशन बघा. तेल, सोनं, शिकलेली जनता, हे सगळं नंतर. फ्लॅट घेताना आपण स्टेशन किती मिनिटांवर आहे विचारतो ना, तसं विचारायचं की हा तुकडा अमेरिका आणि चीन दोघांच्या वाटेत येतो का. येत असेल तर डोळे झाकून घ्या, मग तो २१ चौरस किलोमीटरचा का असेना.

२१ चौरस किलोमीटरचा देश खरंच आहे. प्रशांत महासागरात नाऊरू नावाचं बेट आहे, लोकसंख्या साधारण १२ हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला १७ सदस्यांची ग्रामपंचायत असते, यांची संसद १९ जणांची. फरक एवढाच की आपल्या सरपंचाला पाण्याच्या टाकीसाठी बीडीओच्या केबिनबाहेर बसून राहावं लागतं आणि नाऊरूला युनोच्या आमसभेत चीनएवढंच म्हणजे एक मत आहे. हे मत तुमचं भांडवल. ते कपाटात कुलूप लावून ठेवायचं नसतं.

आता ते फिरवायचं कसं ते बघा. तैवानला देश मानणारे जगात मोजून डझनभर उरलेत आणि चीनचा हिशोब सरळ आहे, एक तर ते नाहीतर आम्ही. म्हणजे गिऱ्हाईक दोन आणि दोघांचं एकमेकांशी उभं वाकडं, यापेक्षा चांगला बाजार कुठे मिळणार? नाऊरूने १९८० मध्ये तैवानशी सोयरीक केली, जुलै २००२ मध्ये ती मोडून चीनकडे गेले, मे २००५ मध्ये परत तैवानकडे आले. त्याच डिसेंबरात कर्ज थकलं म्हणून देशाचं एकुलतं एक प्रवासी विमान मेलबर्नला जप्त झालं तर पुढच्या वर्षी तैवानच्या मदतीने दुसरं आलं, म्हणजे बघा, योग्य वेळी घरी परत आलेल्या पोराचे लाड होतातच. मग १५ जानेवारी २०२४ ला पुन्हा चीन! तैवानमध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून लाई छिंग-ते निवडून आले १३ तारखेला, कार्यकर्त्यांच्या अंगावरचा गुलाल (तिकडे उधळत असतील तर) धुतला पण गेला नसेल तेवढ्यात नाऊरूचं पत्र.

पत्रात पैशाचं नाव चुकूनही काढायचं नाही, हे लक्षात ठेवा. युनोचा १९७१ चा २७५८ नंबरचा ठराव आहे (युनोतली चीनची खुर्ची तैवानकडून काढून बीजिंगला देणारा), तो दाखवायचा आणि म्हणायचं की आम्ही आंतरराष्ट्रीय कायद्याचा मान राखतो. ५३ वर्षांनी आठवला तर आठवला. आपल्याकडे अशा प्रकारात बस लागते, रातोरात निघावं लागतं, झाडी डोंगार हाटील सगळं आलं, आणि वर लोक खोक्यांची संख्या विचारतात. तिकडे एक प्रेस रिलीज, विषय संपला. तैवानने नंतर सांगितलं की हे आमच्याकडे मोठी रक्कम मागत होते. मागणारच ना, दोन दुकानात भाव विचारल्याशिवाय कांदे तरी घेतो का आपण?

आणि फक्त या दोघांवर अवलंबून राहू नका, साइड इन्कम पाहिजे. २००८ च्या युद्धानंतर रशियाने जॉर्जियातले अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे दोन तुकडे देश म्हणून जाहीर केले तेव्हा जगात त्यांना कोणी विचारेना. डिसेंबर २००९ मध्ये नाऊरूने विचारलं. रशियन पेपरात त्यावेळी ५ कोटी डॉलरच्या मदतीचा आकडा छापून आला होता, आता ओसेतिया नाऊरूपासून किती लांब आहे असले भूगोलाचे प्रश्न विचारणाऱ्याने परराष्ट्र खात्यात येऊच नये.

समजा सारखं इकडून तिकडे उड्या मारणं तुमच्या स्वभावात नाही, वय झालंय, गुडघे दुखतात. मग जिबूती मॉडेल घ्या. मला तर हेच जास्त आवडतं, बसल्या जागी भाडं. लाल समुद्राच्या तोंडाशी बसलेला देश, सुएझला जाणारी जहाजं दारावरून जाणार. अमेरिकेचा तळ आहे, फ्रान्सचा १९७७ साली स्वातंत्र्य देऊन पण राहिलेला आहे, जपानचा २०११ पासून आहे, इटलीचा आहे, आणि २०१७ मध्ये चीनने आपला परदेशातला पहिला लष्करी तळ इथेच टाकला, अमेरिकेच्या तळापासून थोड्याच किलोमीटरवर. २०१८ मध्ये अमेरिकेने तक्रार केली की चीनवाले आमच्या पायलटच्या डोळ्यावर लेझर मारतात, चीन म्हणाला छे हो, असलं काही नाही. अशा वेळी घरमालकाने काय करायचं? काही नाही. महिन्याच्या ठरल्या तारखेला दोघांकडून भाडं घ्यायचं. सोसायटीत दोन भाडेकरू बाल्कनीतल्या पाण्यावरून भांडले तर चेअरमन मध्ये पडतो का? राष्ट्राध्यक्ष इस्माइल ओमर गुएले १९९९ पासून खुर्चीवर आहेत आणि त्यांच्या आधी त्यांचे काका होते, या काका-पुतण्या प्रकाराबद्दल मराठी वाचकाला जास्त समजावत बसत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे रुसून बसणं. याला थोडं अभिनयाचं अंग लागतं. मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू २०२३ मध्ये निवडून आले ते 'इंडिया आउट'च्या लाटेवर. आल्या आल्या पाहुणचाराला आधी तुर्की, मग जानेवारी २०२४ मध्ये चीन, आणि भारताला सांगितलं तुमचे सैनिक न्या. त्याच जानेवारीत त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी मोदींच्या लक्षद्वीपच्या फोटोंवरून सोशल मीडियावर नको ते लिहिलं, ते सस्पेंड झाले, आणि इकडे आपल्या लोकांनी कधी न काढलेली मालदीवची तिकिटं धडाधड कॅन्सल केली, आमच्या फॅमिली ग्रुपवर ज्या काकांचा पासपोर्ट एक्सपायर होऊन सहा वर्षं झालीत त्यांनीसुद्धा केली. सैनिक १० मेपर्यंत गेले, भारताने दिलेली हेलिकॉप्टरं तिथेच राहिली, ती चालवायला भारतातूनच साध्या कपड्यातले टेक्निकल लोक गेले. वर्दी आउट, इंडिया इन. मग ऑक्टोबरमध्ये तेच मुइझ्झू दिल्लीला आले आणि ४० कोटी डॉलर अधिक ३ हजार कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय घेऊन गेले, जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याला ६० वर्षं झाली त्या कार्यक्रमाला मोदी प्रमुख पाहुणे, आणि जाताना आहेर ४,८५० कोटींचं कर्ज. रुसल्याशिवाय जावयाला अंगठी मिळत नाही हे आपल्या आज्यांना माहीत होतं, त्यांना कुणी जिओपॉलिटिक्स शिकवलं नव्हतं.

इथे वाचक म्हणतील काय कृतघ्न माणसं! बरोबर आहे. आपण रशियाकडून तेल घेतो, क्वाडमध्ये अमेरिकेच्या शेजारी बसतो आणि ब्रिक्समध्ये चीनच्या, तेव्हा त्याला धोरणात्मक स्वायत्तता म्हणतात. पाच लाख वस्तीच्या बेटाने केलं की ती बेईमानी. शब्दांचा दर लोकसंख्येप्रमाणे बदलतो, तुम्ही छोटा देश घेतलाय तर शिव्या खायची तयारी ठेवा, शिव्यांवर व्याज नसतं.

व्याजावरून आठवलं, बंदर बांधून देतो म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजा पण सही करू नका. श्रीलंकेने कर्ज काढून हंबनटोटाला बंदर बांधलं आणि २०१७ मध्ये तेच चिनी कंपनीला ९९ वर्षांसाठी १.१२ अब्ज डॉलरला दिलं. शेजारी मत्तला विमानतळ पण आहे, शांतता हवी असेल तर तिथे जाऊन बसा.

आणि कॉर्नरचा म्हणताना फारच कॉर्नरचा पण नको. ग्रीनलँडला आधी २०१९ मध्ये आणि मग २०२५ मध्ये आणखी जोरात ट्रम्प साहेबांनी मागणी घातली. तिथले ५७ हजार लोक आणि त्यांचा डेन्मार्क सांगून दमले की आम्ही विकायला नाही, पण समोरच्या पार्टीला सवय आहे, याच डेन्मार्ककडून १९१७ मध्ये त्यांनी कॅरिबियनमधली व्हर्जिन बेटं अडीच कोटी डॉलरला घेतली होती. एकदा व्यवहार झालेला दलाल दारासमोरून जाताना हॉर्न वाजवतोच.

असो, परत नाऊरूकडे या, कारण आमचा आदर्श तोच. पक्ष्यांच्या विष्ठेतून झालेलं फॉस्फेट विकून हे लोक १९७० च्या दशकात जगातल्या श्रीमंतांत गणले जात होते, मेलबर्नमध्ये स्वतःच्या नावाची ५२ मजली इमारत होती, ती २००४ मध्ये विकली. खणून खणून बेटाच्या मधल्या भागात चुनखडीचे नुसते सुळके उरलेत, लोक किनाऱ्याच्या पट्टीवर राहतात, आणि आता समुद्र त्या पट्टीवर चढायला लागलाय. म्हणून २०२५ मध्ये १ लाख ५ हजार डॉलरला नाऊरूचा पासपोर्ट विकायला काढला, त्या पैशातून मधला भाग सपाट करून लोकांना वर हलवायचंय. ऑस्ट्रेलियाला नको असलेली परदेशी माणसं ठेवून घ्यायचे वेगळे पैसे. चीनकडे गेल्यावर वर्ष व्हायच्या आत, डिसेंबर २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियाशीही करार केला, १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाला आणि ४ कोटी पोलिसांना, बदल्यात दुसऱ्या कुणाशी सुरक्षेचा करार करायचा तर आधी कॅनबेराला विचारायचं.

म्हणजे दूतावास बीजिंगचा, परवानगी कॅनबेराची. हे जमलं की खुर्चीत निवांत मागे टेकून बसा, फक्त फोनमधून तैवानच्या तैपेईचा नंबर डिलीट करू नका. २००५ ला लागला होता.