दोनशे फुटांवरून पडलेला फायटर
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळात रमणाऱ्यांमध्ये एक दावा बराच फिरतो आहे. उंचावरून पडलेल्या पात्राचे नुकसान दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा आणि कमाल २० फासे टाकून मोजायचे, हा नियम म्हणे भौतिकशास्त्राला धरून नाही. तेव्हा फासे चढत्या क्रमाने वाढवावेत, ५० फुटांपुढे थेट मृत्यू द्यावा आणि दुखापतींचा तक्ता सक्तीचा करावा.

पहिली मागणी मुळातच उलटी आहे. पडणाऱ्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि हवेचा विरोध सोडला तर आपटतानाची ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात असते. म्हणजे दर १० फुटांना एक फासा हेच गणिताच्या जवळचे आहे. पहिल्या १० फुटांना एक, पुढच्यांना दोन, मग तीन असे मोजले तर ५० फुटांना १५ फासे होतात. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या रविवारच्या खेळात हे करून पाहिले. चोराचा पाय बुरुजाच्या ओल्या कठड्यावरून घसरला, फासे पुरेनात म्हणून सापशिडीचा डबा उघडावा लागला, आणि बेरीज आली ५६. बिचाऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, होते २४.

थेट मृत्यूची मागणी तर नियम पुरता न वाचता केलेली दिसते. हिट पॉइंट शून्यावर आल्यावर उरलेले नुकसान त्यांच्या कमाल आकड्याइतके भरले, की पात्र जागीच मरते. त्यामुळे ८ हिट पॉइंटांचा विझर्ड (जादूगार) ५० फुटांवरून पडला तर आजही दहापैकी सुमारे सात वेळा मरतोच. शिवाय खाली काय आहे, याचा या दाव्यात विचारच नाही. पुरात आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या मारणारी पोरे पाहिलेल्या सांगलीकराला फरशी आणि पाणी यांतला फरक सांगावा लागू नये. २०२४ च्या नियमांतही पाण्यात पडणाऱ्याने फाशाच्या चाचणीत १५ किंवा जास्त आणले तर नुकसान निम्मे होते.

एक तक्रार मात्र रास्त आहे. दहाव्या लेव्हलच्या फायटरचे, म्हणजे कसलेल्या लढवय्याचे, हिट पॉइंट सहज ८४ असतात, २० फाशांची सरासरी ७० येते, आणि एवढे आपटून रात्रभर झोपलेला हा गडी सकाळी ठणठणीत उठतो. दोष त्या झोपेचा आहे. त्यावर दुखापतींचा तक्ता हा उतारा नव्हे: २०१४ च्या ऐच्छिक तक्त्यात फाशावर १ आला की डोळा जातो, आणि गच्चीवरून घसरलेल्याचा डोळा का जावा, हे मला तरी कळलेले नाही. त्याच नियमांत लाँग रेस्टला, म्हणजे हिट पॉइंट भरून देणाऱ्या त्या झोपेला, ७ दिवस लागण्याचा पर्याय आहे; तो आम्ही फक्त ३० फुटांहून जास्त उंचीवरून पडण्याला लावतो. गेल्या महिन्यात आमच्या फायटरने सुजलेला घोटा घेऊन असा आठवडा सरायीत काढला, आणि ओलिसांना सोडवायला बाकीच्यांना त्याच्याविनाच जावे लागले.