माहीत आहे, पण सांगणार नाही

पोरांना डोंगरावर नेणं काही अवघड नाही. ती आपली आपण चढतात, आपल्याआधी चढतात आणि वर बसून आपली वाट बघतात. अवघड आहे ते त्यांना चुकू देणं. चौदा-पंधरा वर्षांची आठ पोरं उजवी वाट सोडून ठामपणे डावीकडे उतरायला लागली आहेत, हे आपल्याला लख्ख दिसत असतं. तरी आपण तोंडाला कुलूप लावून त्यांच्या मागोमाग उतरायचं. उतरलेलं सगळं परत चढायचं आहे, हेही ठाऊक असताना. नकाशा शिकवायची हीच खरी रीत, असं अनुभवी लीडर सांगतात. असं सांगणाऱ्यांचे गुडघे मी अजून तपासलेले नाहीत.

नकाशा उघडला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘काका, यात आपण कुठे आहोत?’’ तेच तर शोधायचंय, म्हटलं की मी बंद पडलेला नकाशा आणल्यासारखी नजर. निळा ठिपका नाही, म्हणजे नकाशा चालू नाही.

मग मी सांगतो, नकाशा फिरवा आणि समोरच्या मुलखाशी जुळवून घ्या. नकाशातली उत्तर खऱ्या उत्तरेकडे आली पाहिजे. फिरवतात. पण फिरवल्यावर गावांची नावं उलटी होतात आणि उलटं वाचणं कोणालाच मंजूर नसतं. मग एकेक जण हळूहळू सरकत नकाशाच्या पलीकडच्या बाजूला जातो. शेवटी नकाशा अगदी बरोबर लावलेला असतो आणि जिथे जायचं त्या डोंगराकडे आठही जणांची पाठ असते.

समोच्च रेषांची, म्हणजे नकाशावर सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांची, गंमत वाटावी म्हणून मी एकदा इतिहास काढला. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगरावर पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग झाला. त्या डोंगराचं आकारमान मोजायचा हिशेब चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे होता. आकड्यांच्या जंजाळात त्यांनी सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगर कागदावर दिसायला लागला.

‘‘मग घनता किती निघाली?’’

पाण्याच्या साधारण साडेचार पट.

‘‘खरी किती आहे?’’

साडेपाच.

‘‘म्हणजे तेही चुकलेच!’’ पोरांना आनंद झाला. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी, हा मुद्दा त्या आनंदात वाहून गेला.

होकायंत्राबद्दल तर पोरांची श्रद्धा अशी, की लाल टोक जिकडे तिकडेच जायचं. त्या हिशेबाने चालत राहिलो तर मुक्काम आर्क्टिकमध्ये पडेल. चुंबकीय उत्तर ध्रुव जेम्स क्लार्क रॉस यांना १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला सापडला होता. तेव्हापासून तो सरकतोय आणि आता सैबेरियाच्या दिशेने निघालाय. हे सांगायला नको होतं. ‘‘उत्तरच जागेवर नाही, तर आमचं कसलं चुकलं?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी दुसरा आकडा पुढे केला. दिशा एका अंशाने चुकली तर किलोमीटरमागे सतराएक मीटर बाजूला पडतो. ‘‘सतराच ना?’’ म्हणणाऱ्याने होकायंत्राच्याच हातात मोबाईल धरला होता आणि सुई तीसेक अंश वळून त्याच्या मोबाईलकडे बघत होती. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा किलोमीटर.

तर वाट फुटली तिथे मतदान झालं. आठ जणांतली एकच मुलगी मघापासून नकाशावर अंगठा ठेवून चालत होती. आपण पुढे सरकलो की अंगठाही पुढे. ती म्हणाली, ‘‘उजवीकडे. खिंड तिकडे आहे.’’ सात विरुद्ध एक असा ठराव पडला, कारण डावी वाट रुंद होती आणि उताराची होती. हवा स्वच्छ, पुढे कडा नाही, उजेड भरपूर. चुकायला याहून चांगली जागा मिळत नाही. मी गप्प.

चुकलेला माणूस नकाशाशी कसा वाद घालतो, ते यापुढे ऐकण्यासारखं असतं. खिंडीकडे जाताना चढ लागायला हवा होता. ‘‘पुढे लागेल.’’ नकाशात डाव्या हाताला असलेला ओढा उजव्या हाताला आला. ‘‘वळला असेल.’’ मग जो नकाशात नव्हताच, असा दुसरा ओढा आडवा आला. थोडी शांतता. ‘‘हा नवीन असेल.’’ एकाने नकाशावरचं साल शोधायला सुरुवात केली. डोंगराने जागा बदलली हे मानायला ती तयार होती. आपण डोंगराची सोंड चुकलो, हे सोडून काहीही.

शेवटी अंगठावाली बोलली. ‘‘आपण सहा रेषा उतरलोय. दोन रेषांत वीस मीटर. म्हणजे एकशेवीस.’’ हे तिने असं सांगितलं, की कोणी मतदान मागितलं नाही.

परत वर जायला किती वेळ, हा पुढचा प्रश्न. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सोपा ठोकताळा दिलाय. पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. एकशेवीस मीटर, म्हणजे चढाईची वरकड बारा मिनिटं. पोरं खूश. नेस्मिथच्या हिशेबात बुटाची नाडी नाही, फोटो नाहीत, ‘थांब ना जरा’ नाही आणि मीही नाही. पाऊण तास लागला.

वर पोचल्यावर एकाने माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘‘काका, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तरी तुम्ही आमच्याबरोबर खाली आलात?’’

त्या आवाजात आदर शोधून पाहिला. नुसती कीव होती.

खिंडीच्या पुढे परत दोन वाटा फुटल्या. या वेळी रेषा मोजल्या गेल्या, सुई मोबाईलपासून लांब धरली गेली, आवाज चढले आणि मतं चार-चार पडली. आठही जणांनी निर्णायक मतासाठी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो.