‘निवड झाली नाही’ एवढंच का कळवलं?

सर, आधी तुमची प्रतिक्रिया थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. आमच्या विषयाच्या परिषदेच्या संशोधन समितीवर मी तीन वर्षं होते, त्याबद्दल मागच्या महिन्यात लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता की समिती म्हणजे शहरातल्या चार-पाच जणांचा कंपू. आपापल्या विद्यार्थ्यांचे निबंध अधिवेशनात घुसवायचे, तालुक्याच्या मास्तराला ‘निवड झाली नाही’ असा एका ओळीचा ईमेल टाकायचा आणि वर स्वतःच्या कष्टांचे पोवाडे गायचे.

पोवाड्यांचं राहू द्या, ते थोडे झालेच. शहराचं मात्र तुम्ही चुकलात. मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. बैठकीला जायचं म्हणजे पहाटेची पाच-चाळीसची एसटी, प्रवासभत्ता साध्या गाडीचा, मानधन नाही. सातपैकी चौघं माझ्यासारखेच. कंपू नव्हता असं म्हणणार नाही, पण तो शहर-खेड्याचा नव्हता, गाईडच्या घराण्यांचा होता. कोण कुणाचा विद्यार्थी हे इथे सगळ्यांना पाठ असतं. निबंध आम्ही नावं झाकूनच वाटायचो. पण मराठी शीर्षकाला शेपूट असतं ना, ‘अमुक तालुक्याच्या विशेष संदर्भात’. तालुका कळला की कॉलेज कळतं, कॉलेज कळलं की माणूस.

आपल्या विद्यार्थ्याचा निबंध निघाला की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं, असा ठराव होता. एकदा तो पाळला नाही. बाहेर धो धो पाऊस, ‘बसा हो सर, तुम्ही फक्त बोलू नका’ म्हणून त्यांना बसवून घेतलं. ते बोलले नाहीत. त्यांच्यासमोर दुसरंही कुणी बोललं नाही, आणि निबंध मंजूर झाला. गप्प बसणाऱ्यांत मीही होते. मागच्या लेखात हे यायला हवं होतं, मी गाळलं.

आता नाकारलेल्या निबंधांचं. दर अधिवेशनाला साठ-सत्तर यायचे, त्यातले पंधरा तरी ‘बचत गट आणि महिला सक्षमीकरण’. गृहीतक: बचत गटांमुळे सक्षमीकरण होतं. निष्कर्ष: होतं. अशाच एका निबंधात १०० उत्तरदात्या होत्या, आणि पहिल्याच तक्त्यात निरक्षर ३७.६ टक्के. शंभर बायकांतल्या सदतीस पूर्णांक सहा दशांश बायका मोजल्या कशा? मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एकूण १२५ धरून पाहिलं, तर ४७ आल्या, जमलं. पुढच्या तक्त्यात ४१.२ टक्के होते, तिथे १२५ धरल्यावर अर्धी बाई उरली. २५० धरल्यावर मात्र दोन्ही बसले, ९४ आणि १०३. म्हणजे तक्ते दुसऱ्याच कुठल्या तरी पाहणीतले होते, गाव तेवढं बदललेलं.

‘उचलेगिरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने साम्य दोनच टक्के दाखवलं, तरी नाकारलं’ अशीही तुमची तक्रार आहे. तुमच्या निबंधाचं मला माहीत नाही, पण या दोन टक्क्यांचा प्रताप सांगते. युनिकोड सोडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, सॉफ्टवेअरला मात्र तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. काल्याशी साम्य कशाचं सापडणार? इंग्रजी लेख मराठीत उतरवला तरी तेच, शब्दाला शब्द जुळतच नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, म्हणून सगळे अहवालातला तो आकडा दाखवतात. निबंध वाचावाच लागतो.

हे सगळं करणाऱ्यांवर माझा फार राग नाही. यूजीसीच्या २०१०च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे, म्हणजे शिकवणं आणि संशोधन मोजणारे, गुण जोडले, तेव्हापासून अधिवेशन प्रमाणपत्रासाठी असतं. त्यातून नियतकालिकांचा जो बाजार उठला तो आपण सगळ्यांनी पाहिला. २०१८ साली यूजीसीने स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली, मग पुणे विद्यापीठात केंद्र ठेवून केअर ही मान्य नियतकालिकांची नवी यादी आणली, आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. दिवसाला चार तास शिकवून, वर निवडणुकीची आणि परीक्षेची कामं करणाऱ्याने पाहणी कधी करायची, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण त्याचं उत्तर म्हणून ३७.६ टक्के मंजूर करता येत नाहीत.

तुमचं एक म्हणणं मात्र मला झोंबलं, कारण ते खरं आहे. तो एका ओळीचा ईमेल.

पहिल्या वर्षी आम्ही कारणं कळवत होतो. एक गृहस्थ ते पत्र घेऊन वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहिले आणि पाऊण तास भांडले. जेवणाची वेळ टळली. पुढच्याच बैठकीत कार्यकारिणीने सुचवलं, कारणं लिहू नका, नसता वाद. आम्ही सातही जणांनी हो म्हटलं, इतिवृत्तावर माझी सही आहे. खरं सांगायचं तर सोयीचंच होतं, दोन रविवार वाचत होते.

त्याच सुमारास एक निबंध आला होता. आठवडी बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांचा. लेखकाने सलग २२ आठवडे बाजारात जाऊन आणलेला माल, विकलेला माल, संध्याकाळी मातीमोल दराने टाकलेला माल आणि गाडीभाडं अशी नोंद ठेवली होती. वहीची पानंच झेरॉक्स करून जोडलेली, एकावर कोथिंबिरीचं पान चिकटून काळं पडल्याचा डागसुद्धा उमटलेला. साहित्याचा आढावा नाही, संदर्भसूची नाही, गृहीतक नाही. मी शेरा मारला, ‘संदर्भ अपुरे, मांडणी सदोष’. शेरा चूक नव्हता. पण ‘चार संदर्भ वाचा, आढाव्याचं एक पान लिहा आणि पुढच्या वर्षी नक्की पाठवा’ हे कळवायला हवं होतं. चोरलेल्या तक्त्यांना जो ईमेल गेला, तोच त्या वहीला गेला. पुढच्या वर्षी मी वाट पाहिली, भाजीबाजारावर काही आलं नाही.

तुमचा निबंध कोणता ते मला माहीत नाही, आणि तो भाजीवाल्यांचाच असेल असं धरून चालण्याइतकी मी भाबडी नाही. समितीची मुदत संपली, पण माझ्या शेऱ्यांच्या प्रती बॉक्सफाइलमध्ये आहेत. शीर्षक आणि वर्ष कळवा. वाचणाऱ्यांत मी असेन, तर माझं पान जसं आहे तसं स्कॅन करून पाठवते. अक्षर वाईट आहे, एसटीत लिहिलेलं आहे.